अर्ध्या रांजणासाठी हत्यारं

माझ्या बायकोने मी केलेलं एकही हत्यार वापरलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको. एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून माझी हयात गेली. डेपोतले लोक माझा पान्हा मागून न्यायचे आणि परत करायची वेळ आली की त्यांना ऐकू यायचं नाही, इतकी माझी हत्यारं नामी. आणि घरात? घरात तुटका कंगवा.

तुटका कंगवा, तुरीची काडी, संपलेल्या पेनची नळी, साडीची पिन आणि वाळलेल्या कपाशीच्या बोंडाचं टरफल. बिस्किटांच्या एका गंजक्या डब्यात हा सगळा कचरा भरलेला असायचा आणि त्याच कचऱ्याने ती मातीच्या भांड्यांवर नक्षी काढायची. तोंडात साडीचा पदर धरून, मान तिरपी करून, तासन्‌तास. चहा मागितला की म्हणायची, "थांबा जी, माती वाळून राह्यली."

मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली आणि घर रिकामं झालं, तेव्हा हे सुरू झालं. वर्ध्याजवळच्या एका संस्थेत बायकांसाठी प्रशिक्षण होतं. आमच्या अल्लीपुरातून आणखी काही जणी गेल्या होत्या. त्या अगरबत्ती शिकल्या, पापड शिकल्या. ही मातीच्या खोलीत शिरली ती बाहेरच आली नाही. आमच्या सात पिढ्यांत कोणी भांड्याच्या मातीला हात लावलेला नव्हता. लोकांच्या वावरात राबले, बाबासाहेबांचं ऐकून शाळा शिकले, मग कोणी मास्तर झालं, कोणी कारकून, माझ्यासारखे एसटीत लागले. त्यामुळे नातेवाइकांत कुजबुज झाली. माझी धाकटी बहीण दोन घरं सोडून राहते, तिला पोटात काही ठेवता येत नाही. तिने तोंडावरच विचारलं, "वयनी, आता हे कुंभाराचं काम काऊन काढलं?"

"काऊन? कुंभारानं माती लिहून घेतली का?" बायको म्हणाली आणि पुन्हा कंगवा हातात घेतला.

गावातल्या कुंभाराचं आणि तिचं मात्र छान जमलं. तिची भांडी तो आपल्या आव्यात भाजून द्यायचा. त्याच्या अंगणात गेलं की मी हत्यारं बघत बसायचो, ती माझी सवय. लाकडी थापी, आणि आतून आधार द्यायला एक गुळगुळीत गोटा. बाहेरून थापीने ठोकायचं तर आतून तो गोटा धरावा लागतो, नाहीतर भिंत आत बसते. ती थापी आणि तो गोटा त्याच्या आज्याच्या हातचे होते. आम्हाला आज्याकडून असं काही मिळणार नव्हतं. म्हणून मी ठरवलं, आपण बनवू. निवृत्त माणसाला काहीतरी ठरवायला लागतं.

कामाला लागलो तो मनापासून. सायकलच्या चाकातले आरे कापून सुया केल्या. ब्रेकच्या तारेचे फास केले, माती खरवडायला. हॅकसॉचं जुनं ब्लेड घासून त्याचे तीन मापांचे कंगवे केले. पितळी बुशवर रेघा कोरून फिरवायचा रूळ केला. प्रत्येकाला सागाची मूठ, प्रत्येक मुठीला पॉलिश. मग एक पेटी केली, आतून हिरवा कपडा लावला आणि मोठ्यापासून छोट्यापर्यंत सगळी ओळीने लावून तिच्यापुढे ठेवली.

तिने एक सुई उचलली, बोटांत फिरवली, परत ठेवली. "लय गुळगुळीत हायेत जी," ती म्हणाली. "हातात घेतलं का काय काढावं तेच सुचत नाई."

"मग काय खडबडीत करू?"

"याच्यापेक्षा तुमचा अंगठा बरा. एकदा दाबला का चांगला ठसा येईन."

माझ्या उजव्या अंगठ्याचं टोक फार वर्षांपूर्वी जॅकखाली सापडलं. तेव्हापासून तो चपटा आहे आणि नख अर्धंच येतं. त्याच्यावर कोणी बोललेलं मला खपत नाही. मी पेटी बंद केली आणि कपाटावर टाकली. माझी एकच गोष्ट तिने विनातक्रार घेतली. बसच्या जुन्या बेअरिंगवर मी एक लाकडी फळी बसवून दिली होती, तिच्यावर कितीही जड भांडं ठेवा, बोटाने फिरायचं. पण फळी म्हणजे काही हत्यार नव्हे.

मग आला तो रांजण. बुद्धपौर्णिमेला विहारात पाणी प्यायला रांजण असावा, तो आपण करून देऊ, असं ती तिथल्या बायकांपुढे बोलून बसली. मातीच्या वळ्या एकावर एक चढवत तिने तो उभा केला, कंबरेएवढा, पोट मोठं आणि तोंड हात जाईल एवढं रुंद. गळ्याखाली पिंपळाच्या पानांचा पट्टा घ्यायचा होता. प्रत्येक पान तुरीच्या काडीने कोरायचं, शिरा साडीच्या पिनेने. एका पानासारखं दुसरं नाही. मी म्हटलं, "निदान आधी मोजून तरी घे. गोल फिरून आलीस आणि शेवटी अर्ध्याच पानाची जागा उरली तर?" ती म्हणाली, "उरली तर पाहू."

मोजमाप न घेता काम सुरू करणारी माणसं मला सहन होत नाहीत. तिच्याशी संसार कसा झाला देव जाणे, म्हणजे आमच्यात देव मानत नाहीत, पण कोणीतरी जाणत असेलच.

तुरी निघून गेल्या होत्या, सकाळी अजून थोडी थंडी वाजायची. ती अंगणात रांजणापुढे बसली होती, मी ओट्यावर पेपर वाचत होतो. "काडी पडली," ती म्हणाली. मी म्हटलं, उचल. ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. मग हळूच एका अंगावर कलंडली. तिचं एका बाजूला वाकडं झालेलं तोंड बघितल्यावर माझ्या हातातला पेपर कुठे गेला ते मला आठवत नाही. शेजाऱ्याच्या गाडीत टाकून तिला वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं.

डोकं वाचलं, बोलणं वाचलं. थोडं संथ झालं एवढंच. पायही हळूहळू काठीच्या आधाराने चालायला लागला. उजवा हात मात्र गेला. गेला म्हणजे तिथेच होता, पण मूठ वळून छातीशी लागलेला. खांद्यापासून थोडी हालचाल व्हायची, पण बोटं उघडेनात. उघडायची तर एकेक बोट सरळ करावं लागायचं आणि सोडलं की ते पुन्हा आत.

घरी आलो तर अंगणात रांजण तसाच उभा. बहिणीने त्याच्यावर ओलं पोतं टाकलं होतं, वयनी असंच करते हे तिने पाहिलेलं होतं. मी पोतं उचललं. अर्ध्या पट्ट्यावर पानं होती आणि अर्धा पट्टा कोरा. शेवटच्या पानाला शिरासुद्धा नव्हत्या.

आता या मातीचं सांगायला हवं, नाहीतर माझी चिडचिड कोणाला कळायची नाही. नक्षी काढायची तर माती फार ओलीही चालत नाही आणि वाळलेलीही नाही. चांभाराकडच्या ओल्या कातड्यासारखी लागते. फार ओली असली तर घसरते, वाळली की दगड, मग तिच्यावर रेघही उठत नाही. म्हणजे तो रांजण थांबवून ठेवायचा होता. किती दिवस ते कोणीच सांगत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. व्यायाम शिकवायला येणारी बाई म्हणाली, वेळ लागेल. रांजणाला कोण सांगणार?

मी पोतं भिजवायचो, त्यावर प्लास्टिक, त्यावर घोंगडं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी हात लावून बघायचो. फाल्गुनात जमलं. चैत्रात ऊन चढलं, तसा मी रांजण ओढत ओढत आत घेतला, कूलरपुढे. बुरशी आली, ती पुसली. वास यायला लागला. बहीण नाकाला पदर लावून म्हणाली, "दादा, फेकून दे ना ते. तिले आराम करू दे. काऊन तिच्या मांगं लागला?"

मी तिच्या मागे लागलो नव्हतो. मी हाताच्या मागे लागलो होतो. ती माती वाळली की हिचा हात कायमचा वाळला, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. बायको तर त्याबद्दल बोलायचीच नाही. स्पंजचा चेंडू दाबायला दिला होता, तो ती खुर्चीच्या बाजूला सोडून द्यायची आणि भिंतीकडे बघत बसायची. बोटांना मातीची सवय असलेली बाई चेंडूकडे बघत नाही, हे मला दिसत होतं. म्हणून मी पुन्हा व्हाइसच्या शिकंज्यापुढे उभा राहिलो. यात काय, पकडीचाच प्रश्न आहे, असं मला वाटलं. पकडीचे प्रश्न मी जन्मभर सोडवले होते.

पहिलं हत्यार तुरीच्या काडीला सायकलच्या हँडलची रबरी मूठ घालून केलं, चांगलं जाड. तिची बोटं एकेक करून उघडली, आत मूठ सरकवली, बोटं आपोआप मिटली. पकड अशी बसली की मी खूश. तिला रांजणापुढे आणून बसवलं. तिने हात नेला, काडी मातीला टेकली, आणि हात आपल्याच मनाने आत ओढला गेला. पानाच्या जागी आडवा ओरखडा. तिने डाव्या हाताने पाणी लावून तो पुसला.

दुसरं चामडी पट्ट्याचं. पंजावरून पट्टा, मनगटाला बकल, हत्यार पट्ट्यात घट्ट. म्हणजे बोटांवर अवलंबून राहायलाच नको. बहिणीने बघितलं आणि म्हणाली, "घोड्याले लगाम लावला का?" बायको हसली, आजारपणानंतर पहिल्यांदा. मला हसू आलं नाही. त्या पट्ट्यासाठी मी दोन दिवस खपलो होतो.

मग हत्यार स्टँडला बसवलं. बसच्या सीटची स्प्रिंग, तिच्यावर सुई, आणि रांजण त्या बेअरिंगच्या फळीवर. म्हणजे हत्यार जागेवर, भांडं फिरेल. कल्पना चांगली होती, अजूनही म्हणतो. रेघ सरळ आली. गोल फिरून सरळ रेघच आली असती, पण पान सरळ नसतं. तिने बघितलं आणि मान फिरवली. "हे तुमचं हाये," ती म्हणाली, "माह्यं नाई."

"मग डाव्या हाताने काढ," मी म्हटलं.

तिने काढलं. एकच. काडी धरून, ओठ चावून, बराच वेळ लावून. मग मागे सरकून बघितलं. "पिंपळाचं नाई हे. एरंडाचं दिसते." आणि पुसून टाकलं. मला ते पान बरं वाटलं होतं. पण मला कोण विचारतो.

मुलीने पुण्याहून पार्सल पाठवलं. मोबाइलवर शोधून मागवलेलं, निळ्या सिलिकॉनचं, बोटांत अडकवायचं काहीतरी, वर पेन लावायला भोक. खोक्यावर हसणाऱ्या गोऱ्या म्हातारीचा फोटो. ते आमच्या बाईच्या बोटांत जाईचना. मी ग्राइंडरवर भोक मोठं केलं तर सिलिकॉन फाटलं. मुलीला फोनवर सांगितलं, छान आहे, वापरते आहे.

बुद्धपौर्णिमा आली. विहारात पाण्याचे प्लास्टिकचे जार आणले होते, थंडगार. आम्ही तिला खुर्चीवर नेलं. बायकांनी विचारपूस केली, रांजणाचं कोणीच काढलं नाही, आणि कोणी न काढल्यामुळेच तो सगळ्यांच्या डोक्यात होता हे दिसत होतं. ती स्टीलच्या ग्लासने पाणी प्यायली. "थंड हाये," म्हणाली. परतताना रस्ताभर मी प्रत्येक खड्ड्याला शिव्या देत होतो.

त्यानंतर मी फर्मा केला. तिच्या पानांपैकी सगळ्यात सुबक पान निवडलं, त्याच्यावर मेण दाबून छाप घेतला, आणि पितळेच्या तुकड्यावर तेच पान कोरलं. कानशीने, मग बारीक छिन्नीने, मग भिंग लावून पिनेने. शिरासुद्धा तिच्याच. एवढं बारीक काम मी डेपोतही केलं नव्हतं. मागे मोठा गोळा बसवला, म्हणजे मूठ कशीही असो, नुसतं रेटायचं. मातीच्या तुकड्यावर दाबून बघितला. हुबेहूब. मला इतका आनंद झाला की मी तुकडा घेऊन पळतच तिच्याकडे गेलो.

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला होता. दुपार अशी तापली होती की पंख्याची हवाही भाजत होती. मी रांजणावरचं पोतं काढलं, प्लास्टिक काढलं, फळी फिरवून कोरा भाग तिच्यासमोर आणला आणि फर्मा तिच्या मांडीवर ठेवला. तिने तो डाव्या हाताने उचलला. शिरांवरून अंगठा फिरवला. आपलं पान तिने ओळखलं.

"तंतोतंत झालं," ती म्हणाली.

"झालंच आहे! आता फक्त दाबायचं."

"तुमी दाबलं तरी असंच येईन ना?"

"हो, कोणीही दाबलं तरी."

"मंग मी कायले पाह्यजे?" तिने फर्मा माझ्याकडे धरला. "छापा ना तुमीच. देऊन टाका विहारात. झालं."

इतके महिने मनात दाबलेलं सगळं उसळून वर आलं. मी ओरडलो. म्हटलं, मी तुझ्यासाठी मरतो आहे, पोती भिजवतो आहे, बोटं कापून घेतो आहे, आणि तुला काहीच नको! तुला कंगवा पाहिजे, तुला कचरा पाहिजे! काय करू तुझ्यासाठी ते तरी सांग!

"मले मालूम असतं तं सांगितलं नसतं का?" तीही ओरडली. तिचा आवाज चढला आणि फाटला. "माह्या हाताले काय पाह्यजे ते मलेच मालूम नाई!"

मी चपला घातल्या आणि निघालो.

एसटी स्टँडवर झाडाखाली जाऊन बसलो. कोणी नव्हतं. समुद्रपूरची गाडी आली, तिचा क्लच ऐकूनच कळत होतं की लायनिंग संपलं आहे. ड्रायव्हरला सांगावंसं वाटलं, पण उठलो नाही. आयुष्यभर बिघडलेल्या वस्तू माझ्यापुढे आल्या आणि मी त्या दुरुस्त केल्या. ज्या झाल्या नाहीत त्यांचा सुटा भाग बदलला. आता घरात एक हात होता ज्याला सुटा भाग मिळत नव्हता, आणि त्या हाताची मालकीण मलाच विचारत होती की मी कशाला हवी. मला रडू आलं असतं, पण स्टँडवर रडणारा म्हातारा बघायला लोक जमतात. गाडी धूर सोडून गेली. धुराकडे बघताना मला एकदम आठवलं, पोतं काढलेलं आहे.

नवतप्याची दुपार, वरून कूलरची हवा. मी उठलो आणि जमेल तेवढं पळालो.

दारातूनच दिसलं. खोलीभर पाणी. बादली आडवी पडलेली. ती रांजणाला टेकून उभी होती, काठी लांब पडलेली, डाव्या हातात पोत्याचं टोक. एकटीनेच उठून, एका हाताने, तिने रांजणावर पाणी ओतलं होतं आणि पोतं भिजवून वर टाकायला बघत होती. तोल जाऊ नये म्हणून उजवी मूठ रांजणाला टेकवलेली होती, सगळा भार तिच्यावर.

मी तिला मागून धरलं आणि खुर्चीवर बसवलं. ती धापा टाकत होती, साडी चिंब. मग मी रांजण बघितला. पाण्याने वरची माती मऊ पडली होती, आणि पट्ट्याच्या कोऱ्या भागात, शेवटच्या पानाच्या शेजारी, तिची मूठ रुतली होती. भिंत तिथे थोडी आत बसली होती. चार बोटांच्या सांध्यांचे चार खळगे आणि बाजूला वळलेल्या अंगठ्याची रेघ.

"गेला," मी म्हटलं. "इतके महिने सांभाळला आणि गेला." मी तिथेच ओल्या फरशीवर बसलो. थकलो होतो. तो ठसा पुसायचा तरी कसा याचा विचारही मला नको झाला होता.

मी वर बघितलं तर ती रांजणाकडे बघत होती. मान तिरपी. पदराचं टोक तोंडात.

"आतून हात घाला," ती म्हणाली.

"काय?"

"आतून हात घाला जी. भिंत आत गेली ना, आतून धरायले कोणी नव्हतं. तुमी धरा. गोटा धरतात तसा."

वर्कशॉपमध्ये एक काम करायचा आणि दुसरा नुसता धरून उभा राहायचा. मी कधीच धरणारा नव्हतो. धरून उभं राहणाऱ्यांना मी नावं ठेवत आलो. पण त्या वेळी वाद घालायची ताकदही माझ्यात उरली नव्हती. मी उठलो, डावा हात खांद्यापर्यंत रांजणात घातला, आतल्या थंड मातीला पंजा लावला आणि बसलेली भिंत हळूच बाहेर रेटली. खळगे तसेच राहिले, भिंत जागेवर आली.

"आता फिरवा. थोडंसं. बस."

तिने मूठ उचलली, खांद्यापासून, जशी उचलली जायची तशी, आणि मातीवर टेकवून अंगाचा भार दिला. आत माझ्या पंजाला ते कळलं. मातीच्या पलीकडून चार सांधे माझ्या तळहातात आले, एकेक वेगळा. व्यायामाची बाई रोज तिला म्हणायची, माझा हात दाबा, आणि ती दाबायची नाही. इतके महिने मला वाटत होतं त्या हातात काही उरलं नाही. माझा पंजा मागे सरकला एवढा तिचा जोर होता.

"हालले तुमी," ती म्हणाली.

"तू ढकललंस."

"मंग नीट धरा ना."

मी पाय रोवले आणि नीट धरलं. मी फिरवायचो, ती दाबायची. एकही ठसा दुसऱ्यासारखा आला नाही. कुठे तीन खळगे, कुठे चार, कुठे अंगठ्याची रेघ लांब. ओळ वरखाली होत होती. मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझा खांदा दुखायला लागला, कोपर सोलवटलं, घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मी कुरकुर केली. ती म्हणाली, "धरा चूपचाप." बिस्किटांचा डबा खिडकीत होता, पितळेचा फर्मा खुर्चीखाली पाण्यात पडला होता, आणि दोन्हींकडे तिचं लक्ष नव्हतं.

गोल फिरून आम्ही पुन्हा पहिल्या पानापाशी आलो. आणि अर्थातच जागा उरली. पुऱ्या मुठीला कमी आणि सोडून द्यायला जास्त. मी म्हटलं होतं ना, मोजून घे! पहिल्या दिवशी म्हटलं होतं! हे मी तिला पुन्हा सांगितलं, चांगलं मोठ्याने, हात रांजणात असतानाच.

"झालं बोलून?" ती म्हणाली. तिने डाव्या हाताने माझा उजवा हात पकडला. ओढून पट्ट्याजवळ नेला. माझी बोटं बाजूला केली, चपटा अंगठा उरलेल्या जागेवर ठेवला, आणि त्याच्यावर आपली वळलेली मूठ ठेवून दाबली.

मी हात काढायला गेलो.

"हालू नोका," ती म्हणाली. "ठसा अजून उठला नाई."